जाड पुस्तकाला टेकू

घरातल्या वस्तूंचा इतिहास सांगायचा म्हणून आम्ही ही भाषणं सुरू केली, तेव्हा चूल, जातं, पाटा-वरवंटा हे सगळं येणार हे ठरलेलंच होतं. आजची वस्तू मात्र देवघरातली आहे आणि वाचनालयातलीही. पोथी किंवा जाडजूड ग्रंथ उघडा ठेवण्यासाठी जे घडीचं लाकडी आसन असतं ना, एकमेकांत अडकलेल्या दोन फळ्यांचं, उघडलं की फुलीसारखं उभं राहणारं, त्याच्याबद्दल आज बोलू. कुणी त्याला व्यासपीठ म्हणतं, कुणी रेहल म्हणतं, दुकानात विचारलं तर ‘पोथीचं स्टँड’ म्हणून मिळतं.

हे कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जणी सांगतात, पोथी जमिनीला लागू नये म्हणून. ते खरंच आहे. ग्रंथाचा मान राखायचा तर तो पायांच्या पातळीवर नको, ही भावना आपल्याकडे सगळ्याच धर्मांत आहे. पण मान राखायला साधा पाट किंवा चौरंगसुद्धा पुरतो. मग या फुलीची गरज का पडली? तर पुस्तक बांधायला लागले म्हणून.

आपली जुनी पोथी आठवा. लांबट, आडवी, सुटी पानं. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड गुंडाळलेलं. पान वाचून झालं की उचलायचं, उलटायचं आणि पलीकडे ठेवायचं. या पोथीला पाठ नसते, त्यामुळे ती मिटतही नाही आणि मोडतही नाही. चौरंगावर सपाट ठेवली की झालं. बांधलेल्या पुस्तकाचं तसं नाही. त्याला शिवण असते, पाठीला डिंक असतो. ते सोडलं तर आपोआप मिटतं. दाबून सपाट उघडलं तर शिवणीवर ताण येतो, आणि दहा-वीस वर्षांत मधली पानं सुटून हातात येतात. जितकं पुस्तक जाड, तितकं हे दुखणं मोठं. त्यावरचा उपाय म्हणजे पुस्तक पूर्ण उघडूच द्यायचं नाही. दोन्ही बाजूंनी तिरका आधार द्यायचा आणि मधली पाठ खाचेत अलगद बसू द्यायची. म्हणून ती फुली. मोठमोठ्या संग्रहालयांत आज जुनी हस्तलिखितं बघायला ठेवतात, तीही अशाच तिरक्या पाळण्यात ठेवलेली असतात. पाळणा स्पंजाचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा असेल, पण युक्ती सुताराचीच.

आणि सुताराची युक्ती म्हणजे काय, तेही ऐका, कारण आम्हाला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. चांगली रेहल एकाच फळीतून निघते. तिला ना खिळा, ना बिजागरी, ना सरस. फळीच्या जाडीत दोन्ही टोकांकडून करवत घालून तिचे दोन पदर करतात, पण मधला थोडा भाग तसाच सोडतात. त्या मधल्या भागात छिन्नीनं एकाआड एक दाते कोरतात, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. मग हलके धक्के देत पदर मोकळे केले की फळी फुलीसारखी उघडते, आणि दोन भाग एकमेकांतून कधीच निसटत नाहीत. वेगळे करायचे तर तोडावेच लागतात. उत्तर प्रदेशातलं सहारनपूर लाकडावरच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे, तिथे आजही अशा रेहली बनतात.

ही कला किती जुनी? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशी एक लाकडी रेहल आहे. तिच्यावर सन कोरलेला आहे, हिजरी ७६१ म्हणजे इसवी सन १३६०. कारागिरानं आपलं नावही कोरलंय : हसन, सुलेमानचा मुलगा, इस्फहानचा. एका मदरशासाठी ती बनवली होती. उंची जवळजवळ एकशे तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या छातीला लागेल एवढी. सुतारानं आपलं नाव कोरावं आणि साडेसहाशे वर्षांनी आपण ते वाचावं, हे भाग्य फार थोड्या सुतारांच्या वाट्याला येतं.

त्याहून मोठी बघायची तर उझबेकिस्तानातल्या समरकंदला जावं लागेल. तैमूरलंगानं भारतावरची स्वारी आटोपून परतल्यावर, १३९९ साली, तिथे एक प्रचंड मशीद बांधायला घेतली. बीबी खानम मशीद म्हणतात तिला. तैमूरचा नातू उलुघ बेग, तो तारे मोजणारा राजा, त्यानं कुराणाची प्रत ठेवायला तिथे संगमरवरी आसन करवून घेतलं. आसन कसलं, चौथराच तो. खाली बुटके खांब आणि वर समोरासमोर ठेवलेले दोन तिरके दगड. म्हणजे तीच आपली फुली, पण न मिटणारी.

एवढं मोठं पुस्तक असतं का, असं वाटेल. असतं. त्याच काळातल्या एका कुराणाची काही पानं जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. एकेक पान पावणेदोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींपेक्षा उंच! त्याची एक दंतकथा सांगतात. उमर अक्ता नावाच्या सुलेखनकारानं म्हणे आधी अंगठीच्या खड्याखाली मावेल इतकं चिमुकलं कुराण लिहून तैमूरला दिलं. तैमूरनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यानं इतकं मोठं लिहिलं की ते गाड्यावर घालून आणावं लागलं, आणि त्याचं स्वागत करायला तैमूर स्वतः दारापर्यंत आला. कथा खरी की खोटी ते राहू द्या. मोठं पुस्तक हे पुष्कळदा वाचण्याआधी दाखवण्यासाठी असतं, एवढं तिच्यातून कळतं.

ते दगडी आसन आधी मशिदीच्या आत होतं. भूकंपांनी इमारत खिळखिळी झाली, तेव्हा १८७५ साली रशियन राजवटीत ते उचलून अंगणात मांडलं. तिथे ते अजून आहे. त्यावर आता ग्रंथ नाही. पण मूल व्हावं म्हणून बायका त्या आसनाखालून, खांबांच्या मधून, रांगत जायच्या. ही समजूत तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. आम्ही हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावरच बोलत बसलो. आसनावरचा ग्रंथ वाचणारा पुरुष, आणि आसनाखालून रांगणारी बाई. नवस बोलणाऱ्या बाईला नावं ठेवायची आमची इच्छा नाही. मूल नसण्याचं दुःख आणि त्यावरून ऐकावी लागणारी बोलणी काय असतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण तिला त्या दगडाजवळ जायला एवढी एकच वाट होती, हे खटकतं खरं.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? व्यासपीठ म्हणजे मुळात व्यासांची जागा, पुराण सांगणाऱ्याची जागा. पुराणिकबुवा वर, समोर ग्रंथ, आणि खाली ऐकायला बहुतेक बायका. वाती वळता वळता त्यांनी किती पुराणं ऐकली असतील! सगळी पाठ असायची. पण वर बसून सांगायचं काम त्यांचं नव्हतं. म्हणूनच पंडिता रमाबाईंचं घराणं वेगळं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवलं. हे कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगून पोट भरत असे. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. आज ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बायका रांगेनं बसतात, प्रत्येकीसमोर आपापला ग्रंथ असतो. आणि तरी गुरुचरित्र बायकांनी वाचू नये असं ठासून सांगणारे आजही भेटतात. तुम्ही वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही वाचतो.

युरोपात जायचं तर तिथे चर्चमधून मोठाली गानपुस्तकं असायची. एकच पुस्तक आणि भोवती पंधरा-वीस गाणारे. त्यामुळे अक्षर बोटभर आणि पुस्तक दोघांनी उचलायचं. त्यासाठी उंच, फिरते लाकडी मंच केले. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तेराव्या शतकातला एक लॅटिन हस्तलिखित ग्रंथ आहे, त्याचं वजन पाऊणशे किलो भरतं. अशा पुस्तकाला माणूस धरत नाही, पुस्तकच माणसाला धरून ठेवतं. १५८८ साली आगोस्तिनो रामेली नावाच्या इटालियन यंत्रकारानं तर पाणचक्कीसारखं मोठं चाक चितारलं. चाकावर कप्पे, कप्प्यांत उघडी पुस्तकं. वाचणाऱ्यानं खुर्चीत बसून चाक फिरवायचं, हवं ते पुस्तक समोर येतं. आत दातेरी चक्रं अशी बसवलेली की चाक फिरलं तरी कप्प्याचा कल तोच राहतो आणि पुस्तक पडत नाही. संधिवातानं पाय दुखणाऱ्यांना हे फार सोयीचं, असं त्यानं लिहून ठेवलंय. गुडघे धरलेल्या आमच्यासारख्यांना रामेलीबद्दल लगेच आपुलकी वाटली. पण हे चाक घरात मावणारं नव्हतं.

घरात मावणारं स्टँड आलं ते अमेरिकेत, आणि त्याच्या मागे एक बाई आहे. आजच्या भाषणाला आम्ही बसलो ते खरं तर तिच्यासाठी.

आधी पुस्तकाचं सांगू. नोहा वेबस्टर नावाच्या मास्तरानं १८२८ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. दोन खंड, सत्तर हजार शब्द, किंमत वीस डॉलर. त्या काळी सामान्य घराला ते झेपणारं नव्हतं. वेबस्टर १८४३ साली वारला आणि हक्क मेरियम नावाच्या दोघा भावांकडे गेले. त्यांनी १८४७ साली दोन्ही खंड एकात बांधले आणि किंमत सहा डॉलर ठेवली. कोश घरोघर पोचला. १८६४ची आवृत्ती तर एक लाख चौदा हजार शब्दांची, चित्रांसकट. किंमत उतरली, पण सगळं वजन एकाच बांधणीत आलं. आणि शब्दकोश हे काही सलग वाचायचं पुस्तक नव्हे. लिहिता-वाचता मधेच एक शब्द अडतो, तेवढ्यासाठी ते कपाटातून काढा, मांडीवर घ्या, उघडा, मिटा, परत ठेवा. दिवसातून पाच वेळा हे कोण करणार? मग शब्द अडला तरी माणूस तसाच पुढे जातो. मुलांना शिकवणाऱ्या बाईला मात्र तसं पुढे जाता येत नाही.

आयडा स्मिथ अशी बाई होती. जन्म १८५३चा, न्यूयॉर्क राज्यातला. पुढे तिचं घर आयोवा राज्यात गेलं. तिथे एम्स गावी सरकारी शेतकी कॉलेज नुकतंच निघालं होतं, आणि त्यानं पहिल्या तुकडीपासून मुलींना घेतलं होतं. आयडा तिथून १८७४ साली पदवीधर झाली आणि शिक्षिका झाली. त्याच कॉलेजात तिच्या पुढे दोन वर्षं लाव्हर्न नॉईस होता. तो १८७२चा. १८७७ साली दोघांनी लग्न केलं. लाव्हर्नचा धंदा गवत उचलायच्या आणि रचायच्या अवजारांचा. हात यंत्रावर चालणारा माणूस. घरात तो जाडजूड कोश, आणि तो हाताळताना बायकोची होणारी ओढाताण तो रोज बघत होता. त्यानं तिच्यासाठी एक स्टँड बनवलं.

ते असं होतं. खाली तीन पायांचा लोखंडी खांब, जमिनीवर उभा राहणारा. खांबात दांडा, वर-खाली करता येणारा, म्हणजे खुर्चीत बसून वाचा नाहीतर उभ्यानं. वर पुस्तक धरणारे दोन पंख, आणि पंखांना जोरकस स्प्रिंगा. पुस्तक पाठीवर उभं बसवायचं, पानांच्या कडा वर. मिटलं की स्प्रिंगा त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरणार, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पानांना पोक येत नाही. उघडलं की पंख आडवे होऊन तिथेच थांबणार, वाऱ्यानं किंवा स्वतःच्या वजनानं मिटणार नाहीत. हवं तसं फिरवा, हवा तेवढा कल द्या. मुख्य म्हणजे पुस्तक उचलायचंच नाही. एका हातानं उघडायचं. दुसऱ्या हातात लेखणी असो, नाहीतर मूल.

रेहल आणि हे स्टँड शेजारी ठेवून बघा. रेहल सुंदर, पण तिची उंची आणि कल सुतारानं एकदाच ठरवलेले. वाचणाऱ्यानं तिच्यापुढे वाकायचं. या स्टँडनं ते उलटं केलं. आता वाचणाऱ्याच्या अंगाप्रमाणे ते वाकणार. उंच बाई, बुटकी बाई, चश्मा लागलेली आजी, शाळकरी पोर, सगळ्यांना तेच चालतं.

लाव्हर्ननं त्याचं पेटंट घेतलं आणि शिकागोत त्याचा कारखाना काढला. शाळा, वाचनालयं, वकिलांच्या कचेऱ्या, दिवाणखाने, सगळीकडे ‘नॉईसचं डिक्शनरी होल्डर’ दिसू लागलं. पेटंट अर्थात नवऱ्याच्या नावावर. कल्पनेतला किती भाग तिचा, त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. पण अडचण तिची होती आणि आधी वापरून बघणारीही तीच असणार. आमच्या मते वस्तू अर्धी तिथेच तयार होते.

या धंद्यानं नॉईस शिकागोत स्थिरावला आणि १८८८ साली त्यानं एअरमोटर नावाची कंपनी काढली. पोलादी पवनचक्क्यांची. तोवर पवनचक्कीचं चाक लाकडी असे. ही नवी चक्की आकडेमोड करून, पात्यांचा बाक प्रयोगांनी ठरवून केलेली, म्हणून प्रतिस्पर्धी तिला ‘गणिती चक्की’ म्हणून हसायचे. काही वर्षांत अमेरिकेच्या माळरानावर शेतोशेती तीच फिरू लागली आणि विहिरीचं पाणी वर चढवू लागली. शेतावर पाणी ओढण्याचं काम तिथेही बायकापोरांकडेच असायचं. त्यामुळे एकाच कारखानदाराच्या दोन वस्तूंनी बाईच्या हातावरची दोन ओझी उतरवली, असं म्हणायला हरकत नाही. तो काही समाजसेवक नव्हता. पक्का व्यापारी होता आणि गडगंज झाला.

आयडा घरात बसून राहिली नाही. चित्रकला शिकली, पॅरिसलाही जाऊन शिकली. जग हिंडली, फोटो काढले, बायकांच्या संघटनांत काम केलं. १९१२ च्या डिसेंबरात ती वारली.

इथे शिकागो विद्यापीठाची गोष्ट जोडली जाते. हे विद्यापीठ १८९२ साली उघडलं तेव्हापासून मुलींना घेत होतं. पण मुलींची संख्या भराभर वाढली तशी वरच्या मंडळींना धास्ती वाटू लागली, आणि १९०२ साली पहिल्या वर्षांच्या वर्गांत मुलं-मुली वेगळी बसवायचं ठरलं. मुलींच्या अधिष्ठात्या मॅरियन टॅलबट यांनी त्याला विरोध केला, तो चालला नाही. १९०४ साली मुलांसाठी दगडी बांधणीची देखणी व्यायामशाळा उभी राहिली. मुली मात्र तात्पुरत्या बांधलेल्या इमारतीत भागवत होत्या. एक वर्ष नाही, दोन नाही, बारा वर्षं. आपल्याकडच्या कितीतरी शाळांतल्या मुलींना ही गोष्ट नवी वाटणार नाही. ‘सध्या असंच चालवून घ्या’ हे वाक्य सगळ्या भाषांत असतं.

१९१३ साली लाव्हर्न नॉईसनं बायकोच्या स्मरणार्थ विद्यापीठाला तीन लाख डॉलर दिले. अट एकच, इमारत मुलींसाठी. १९१६ साली आयडा नॉईस हॉल उघडला. त्यात व्यायामशाळा होती, पोहण्याचा तलाव होता, बसायला-बोलायला दालनं होती, आणि वरच्या मजल्यावर छोटं नाट्यगृह होतं. उद्घाटनाच्या वेळी तिथे एक मोठा नृत्यनाट्याचा सोहळा झाला आणि पुढे त्याचीच चित्रं त्या नाट्यगृहाच्या भिंतींवर रंगवली गेली. इमारत आजही उभी आहे, आता सगळे विद्यार्थी ती वापरतात.

आता आपल्याकडे येऊ. मराठीतही जाड कोशांची कमी नाही. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, साठ हजारांच्या आसपास शब्दांची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात भागांचा, १९३२ ते १९३८ मधला. डॉक्टर केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा. तालुक्याच्या वाचनालयात यांतलं काही ना काही असतंच, पण बहुधा कुलूपबंद कपाटात, वरच्या फळीवर. मागितलं तर मिळतं. मागायला धीर लागतो, आणि मिळालं की ते कुठे ठेवून वाचायचं हा प्रश्न. एखादं स्टँड खिडकीजवळ मांडून त्यावर शब्दकोशाचा एक भाग उघडा ठेवला, तर येणाऱ्या-जाणाऱ्या मुली सहज डोकावतील. गावातला सुतार हे काम एका दिवसात करील.

आणि घरी जुना ग्रंथ असेल, सासूबाईंच्या हातचा, पाठ निखळत आलेला, तर त्याला दाबून सपाट करू नका. रेहल नसेल तर दोन घट्ट उशा घ्या, मध्ये चार बोटं जागा सोडा, दोन्ही पुठ्ठे उशांवर टेकवा आणि पाठ मधल्या खाचेत राहू द्या. पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरा, बोटाला थुंकी लावू नका. गुडघ्यांमुळे खाली बसवत नसेल तर टेबलावर ठेवायचं, उंची आणि कल बदलणारं लाकडी किंवा धातूचं स्टँड आता बाजारात मिळतं. घेताना एकच बघा, खालची पट्टी ग्रंथाच्या जाडीला पुरते का. पातळ पुस्तकासाठी केलेल्या स्टँडवरून ज्ञानेश्वरी घसरते.

तुमच्या घरात या वस्तूला काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण कंदिलाबद्दल बोलू.